नोकरी करत पदवी: इंग्लंडमधल्या एका सेवाभावी संस्थेचा अनुभव

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त २८ डिसेंबर २०२५ रोजी गच्चीवर झालेल्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभातील भाषण. वक्त्या आपल्या संस्थेच्या माहेरवाशीण असून गेली वीस वर्षे इंग्लंडमध्ये राहतात. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



सचिवकाकांनी मला विषय दिला होता, ‘परदेशातील शिक्षणाच्या संधी’. हा विषय फार मोठा आहे, आणि त्यावर बोलणारे एजंट डोंबिवली स्टेशनच्या आसपास मजल्यामजल्यावर बसलेत. मी त्यातला एकच तुकडा घेते, कारण तो आमच्या घरात घडलाय आणि अजून घडतोय. माझ्या मुलीने बारावीनंतर विद्यापीठात मिळालेली जागा सोडली आणि एका सेवाभावी संस्थेत नोकरी धरली. नोकरीबरोबर पदवी. तिकडे त्याला डिग्री अप्रेंटिसशिप म्हणतात. इथे बी विंगमध्ये बसून माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या आबांनी, त्यात किती लक्ष घातलं तेही सांगणार आहे. बाबा समोरच बसलेत, त्यामुळे फार वाढवून सांगता येणार नाही.

आधी शब्दांचा घोळ निस्तरते. तिकडे सोळाव्या वर्षी आपल्या दहावीसारखी परीक्षा होते. मग दोन वर्षं ए-लेव्हल. ही दोन वर्षं जिथे करतात त्याला बरेचदा कॉलेज म्हणतात, म्हणजे आपलं अकरावी-बारावीचं ज्युनियर कॉलेज धरा. त्याच्या पुढचं ते ‘युनि’. तेव्हा तिकडचा मुलगा ‘कॉलेज संपलं’ म्हणाला तर तो अठरा वर्षांचा असतो, पदवीधर नसतो.

दुसरा शब्द अप्रेंटिस. हा शब्द ऐकला की आपल्या आधीच्या पिढीला माझगाव डॉक आठवतं, रेल्वेचं माटुंगा वर्कशॉप आठवतं, आयटीआय झालेला कोणी चुलतभाऊ आठवतो. त्यात कमी काही नव्हतं, पण ‘मुलगी हुशार असून अप्रेंटिस?’ हा प्रश्न मला फोनवर किमान चार नातेवाइकांनी विचारला. इंग्लंडमध्ये २०१५ पासून ही अप्रेंटिसशिप थेट बी.ए., बी.एस्सी.पर्यंत नेता येते. तुम्ही कंपनीचे किंवा संस्थेचे पगारी कर्मचारी असता. विद्यापीठात तुमचं नाव असतं, अभ्यासक्रम असतो, परीक्षा आणि प्रबंध असतो. फी तुम्ही भरायची नसते. शेवटी मिळते ती त्याच विद्यापीठाची पदवी. तिच्यावर ‘स्वस्तातली’ असा शिक्का नसतो. हे मी बाबांना तीनदा सांगितलं, चौथ्यांदा नातीने सांगितलं तेव्हा पटलं.

मग फी कोण भरतं? इथे आपल्याला शिकण्यासारखी एक व्यवस्था आहे. २०१७ पासून तिकडे ज्या मालकाचं वर्षाचं पगारबिल ३० लाख पौंडांच्या वर आहे, त्याने वरच्या रकमेवर अर्धा टक्का अप्रेंटिसशिपसाठी बाजूला टाकायचा, असा नियम आहे. तो पैसा अशा प्रशिक्षणावरच खर्च करता येतो, आणि ठरावीक मुदतीत वापरला नाही तर हातचा जातो. मोठ्या सेवाभावी संस्थांनाही यातून सूट नाही. छोट्या मालकांसाठी सरकार बहुतेक खर्च उचलतं, बावीस वर्षांच्या आतल्या मुलांसाठी तर पूर्ण. शिवाय एखाद्या बड्या कंपनीकडे असा पैसा पडून असेल तर त्यातला निम्म्यापर्यंत ती दुसऱ्या संस्थेला देऊ शकते. सुपरमार्केटच्या पैशातून अनाथ मुलांच्या संस्थेतला पोरगा पदवीधर होऊ शकतो, तो असा.

माझ्या मुलीचा अभ्यासक्रम चार्टर्ड मॅनेजरचा आहे, साधारण चार वर्षांचा. त्यासाठी सरकारने घातलेली खर्चाची कमाल मर्यादा २२,००० पौंड आहे. ते पैसे तिच्या संस्थेच्या त्या खात्यातून थेट विद्यापीठाला जातात. ती तिसऱ्या वर्षाला आहे.

आता ही संस्था कसली, ते सांगते. ती एक हॉस्पिस आहे. जो आजार बरा होणार नाही, त्यात माणसाचं दुखणं आणि घुसमट कमी करायची, घरच्यांना आधार द्यायचा, हे तिथलं काम. आधुनिक हॉस्पिसची सुरुवात सिसिली सॉन्डर्स या डॉक्टर बाईंनी १९६७ मध्ये दक्षिण लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स काढून केली. आपल्याकडे वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, १९८६ पासून, ते भारतातलं पहिलं. इथल्या दोन-तीन घरांना ते माहीत आहे, त्यामुळे जास्त बोलत नाही.

तर अठरा वर्षांच्या मुलीने अर्थशास्त्राची मँचेस्टरची जागा सोडली आणि ‘मी हॉस्पिसमध्ये लागतेय’ असं सांगितलं. आमच्या घरी शांतता. मिस्टर म्हणाले, बघू. इथून बाबांचा फोन आला. बाबांचं पहिलं वाक्य होतं, “माणसं जिथे शेवटचे दिवस काढायला येतात तिथे ही पोर सकाळी डबा घेऊन जाणार?” आणि दुसरं, “चॅरिटीत पगार देतात?”

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, आणि आपल्या सोसायटीचंच उदाहरण देते. आपली कार्यकारिणी पगार घेते का? नाही. अध्यक्ष, सचिव, खजिनदार रात्री जेवणं झाल्यावर फायली घेऊन बसतात. पण वॉचमनला पगार आहे, सफाईवाल्या मावशींना आहे, हिशेब लिहिणाऱ्याला आहे, ऑडिटरला फी आहे. तिथल्या चॅरिटीचं असंच असतं. विश्वस्त बहुतेक ठिकाणी बिनपगारी. नर्स, डॉक्टर, ड्रायव्हर, दुकानं सांभाळणारे, देणग्या गोळा करणारे, हिशेबनीस, सगळे पगारी. आणि त्यांच्याबरोबर मोठ्या संख्येने स्वयंसेवक. ‘समाजसेवा’ हा शब्द आपण असा वापरतो की जणू तिथे काम करणाऱ्याने उपाशी राहिलंच पाहिजे. मला तो वापर आवडत नाही. रात्रपाळीला आलेल्या नर्सला घरभाडं भरायचं असतंच.

इंग्लंड आणि वेल्समध्ये नोंदलेल्या अशा संस्था पावणेदोन लाखांच्या घरात आहेत. पण त्यातल्या बहुतेक छोट्या. चार लोक, एक बँक खातं, पगारी माणूस एकही नाही. त्यामुळे पदवीपर्यंत नेणारी अप्रेंटिसशिप या क्षेत्रात मोजक्याच ठिकाणी मिळते. मोठ्या राष्ट्रीय संस्था, हॉस्पिस, घरं भाड्याने देणाऱ्या धर्मादाय संस्था, अशा. जाहिराती सेवाभावी संस्थांच्या पुष्कळ दिसतात, पण त्या बहुतेक खालच्या पातळीच्या असतात. जाहिरातीत ‘लेव्हल सहा’ लिहिलंय का ते पाहायचं, आणि लिहिलं असलं तरी त्यात पदवी धरलीय का हे वेगळं विचारायचं, कारण काही लेव्हल सहामध्ये पदवी नसते. माझ्या मुलीने अकरा अर्ज केले होते. मुलाखतीला बोलावणं चार ठिकाणांहून आलं. हे अर्ज विद्यापीठाला करायचे नसतात, मालकाला करायचे असतात. आधी नोकरी मिळते, मग प्रवेश. आणि विद्यापीठांचे नेहमीचे अर्ज त्याच वेळी चालू ठेवता येतात. तिने तसंच केलं, म्हणून हातात दोन पर्याय होते. एकच दोर धरून लोंबकळायची गरज नसते.

आता बाबांकडे येते.

बाबा या सोसायटीचे बरीच वर्षं खजिनदार होते, हे जुन्या लोकांना सांगायला नको. नव्यांनी एवढंच लक्षात घ्या की बाबांसमोर कोणी ‘सिंकिंग फंडातून गणपतीचा मांडव घालू’ म्हणालं तर त्या माणसाला संध्याकाळपर्यंत झोप लागायची नाही. मी बाबांना सांगितलं की तिकडे चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत कुठल्याही नोंदणीकृत संस्थेची माहिती घरबसल्या बघता येते, आणि जरा मोठी संस्था असेल तर मागच्या पाच वर्षांचे हिशेबही. पुढच्या शनिवारी व्हिडिओ कॉल आला. समोर टेबलावर प्रिंटआउट, लाल पेन, आणि आबा विरुद्ध नात अशी बैठक.

“तुमचं निम्म्याहून जास्त उत्पन्न सरकारचं नाही. मग कुणाचं?”

तिला माहीत होतं. इंग्लंडमधल्या मोठ्यांच्या हॉस्पिसांना सरकारकडून सरासरी एक तृतीयांश पैसे येतात. उरलेले लोकांकडून. दुकानं, लॉटरी, धावण्याच्या शर्यती, देणग्या, आणि मृत्युपत्रं. मरताना लोक हॉस्पिसच्या नावाने काही ठेवून जातात.

“मृत्युपत्राचे पैसे कधी येणार हे कोण सांगणार? २०२० ला इतके, पुढच्या वर्षी निम्मे. याच्यावर पगार कसे ठरवता?”

तिला उत्तर येईना.

“राखीव निधी सात महिन्यांचा दिसतोय. त्यातला किती बांधलेला आहे?”

म्हणजे असं, की देणगीदार जर म्हणाला, हे पैसे फक्त बागेसाठी, तर ते बागेलाच वापरायचे. छप्पर गळत असलं तरी त्यातून छप्पर नाही. अगदी आपला सिंकिंग फंड आणि दुरुस्ती फंड. नातीने कागद चाळून सांगितलं की सातातले दोन महिने बांधलेले आहेत. बाबांनी लाल पेनाने पाच लिहिलं, त्याच्याभोवती गोल केला आणि म्हणाले, “चार वर्षांचा कोर्स आहे आणि पाच महिन्यांचा दम आहे. मुलाखतीत विचार हे.”

तिने शेवटच्या मुलाखतीत खरंच विचारलं. अठरा वर्षांची मुलगी राखीव निधीबद्दल विचारतेय म्हटल्यावर समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं म्हणे, आणि वीस मिनिटं नीट उत्तर दिलं. त्याच बाई पुढे तिच्या साहेब झाल्या.

माझं मत असं की बाबांचा पहिला प्रश्न, मरणाच्या जागी पोर कशी राहणार, तो महत्त्वाचा होता, पण त्याचं उत्तर आधी कुणालाच देता येत नाही. पैशाच्या प्रश्नाचं देता येतं, तर ते आधी घ्यावं.

त्या पहिल्या प्रश्नाचं काय झालं ते सांगते. तिचं काम रुग्णांजवळ नाही. पहिलं वर्ष हॉस्पिसच्या दुकानांत गेलं. लोक घरातल्या नको झालेल्या वस्तू पिशव्या भरभरून आणून देतात, त्या निवडायच्या, कपड्यांना वाफ द्यायची, किमती लावायच्या. करदात्याने दिलेली वस्तू असेल तर तिच्यावर वेगळी पट्टी, कारण तिच्या विक्रीवर सरकारकडून पौंडामागे पंचवीस पेन्स परत मिळू शकतात. आलेल्या पिशव्यांतला किती माल विकायच्या लायकीचा नसतो हे पाहून ती पहिल्या आठवड्यात चक्रावली. न खपलेले कपडे वजनावर भंगारवाल्याला जातात. हे सगळं आपल्याला बोहारणीपासून माहीत आहे, फक्त तिकडे त्याचा महिन्याचा अहवाल निघतो.

पण खरी शाळा होती स्वयंसेवकांची. दुकानात सत्तरी-पंचाहत्तरीच्या बायका येतात, आठवड्यातून दोन सकाळ. कुणाचा नवरा त्याच हॉस्पिसमध्ये गेलेला असतो. त्यांचं वेळापत्रक ही अठरा वर्षांची मुलगी लावणार. त्यांना पगार नाही, म्हणजे कापता येत नाही. बढती नाही, म्हणजे आमिष नाही. एका आजींनी नवीन बिलिंग मशीनला हात लावायला साफ नकार दिला होता. आमच्या मुलीला विद्यापीठातून त्याच महिन्यात ‘बदलाचं व्यवस्थापन’ असा विषय होता, त्यात आकृत्या आणि बाण. ती रात्री आकृत्या काढायची आणि सकाळी आजींसमोर गप्प बसायची. शेवटी तिने आजींना मशीनवरून काढून खिडकीच्या मांडणीवर घातलं आणि दुकानाची विक्री वाढली. निबंधात तिने हेच लिहिलं. गुण बरे मिळाले, म्हणजे फार नाही, ‘सिद्धान्त कमी’ असा शेरा होता.

दुसऱ्या वर्षी ती मुख्य इमारतीत आली, देणग्यांच्या विभागात. तिथून वॉर्ड दिसतो. कुणी गेलं की स्वागतकक्षात एक मेणबत्ती लावतात, दिवसभर. ती सकाळी आत शिरताना आधी तिकडे बघते. यावर ती घरी फार बोलत नाही. एकदा म्हणाली, “आई, ज्या दिवशी नसते त्या दिवशी पण बघते.” मी विचारलं नाही पुढे. संस्थेत यासाठी बोलायला माणूस ठेवलेला आहे, ती महिन्यातून एकदा जाते. कुठल्याही अशा ठिकाणी मूल पाठवताना ही सोय आहे का, हे विचारा.

तिच्या वयाची बाकीची मुलं त्या वेळी विद्यापीठाच्या वसतिगृहात होती. दुपारी उठणं, रात्री तीनला पास्ता, नवे मित्र. हिची पावणेआठची बस. आठवड्यातला एक दिवस अभ्यासाचा. तिने सुरुवात केली तेव्हाच्या नियमाने सरासरी किमान सहा तास कामाच्या वेळेतच शिकण्यासाठी द्यावे लागतात, तिला पूर्ण दिवस मिळतो. पण निबंध त्या एका दिवसात होत नाहीत. रविवार त्यात जातो. विद्यापीठात ती वर्षातून काही आठवडे जाते, बाकी ऑनलाइन. त्यामुळे वर्गमित्र म्हणजे तिशी-चाळिशीचे नगरपालिकेचे आणि कारखान्यांचे लोक. ती त्यांच्यात रमली, पण ही एकोणिसाव्या वर्षाची मैत्री नव्हे. हा खर्च कुठल्याच पत्रकात छापलेला नसतो. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात ती म्हणाली होती की सोडते. नाताळच्या आधी गेलेल्यांच्या नावाने दिवे लावायचा मोठा कार्यक्रम असतो, त्याची तयारी आणि दोन निबंध एकत्र आले होते. दर तीन महिन्यांनी तिची साहेब, विद्यापीठाचा मार्गदर्शक आणि ती अशी तिघांची बैठक होते. तिथे तिच्या शनिवारच्या दुकानपाळ्या काढून टाकल्या. मार्गदर्शकाने शिक्षणात काही काळ खंड घ्यायचाही पर्याय दिला, तसा नियम आहे. तिने तो घेतला नाही.

पैशाचं एकदा सांगून टाकते, कारण मागे बसलेले काका त्याचीच वाट बघतायत. २०२३ ला तिने मँचेस्टरला प्रवेश घेतला असता तर फी वर्षाला ९,२५० पौंड होती. २०२५ ला ती ९,५३५ झाली. तीन वर्षांची फी आणि राहण्याखाण्याचं कर्ज मिळून मुलं पन्नास हजार पौंडांच्या आसपासचं ओझं घेऊन बाहेर पडतात. अप्रेंटिसवर हे ओझं नाही, वर पगार. कायद्याने अप्रेंटिसचं किमान वेतन २०२५ मध्ये ताशी ७ पौंड ५५ पेन्स होतं, आणि एकोणीस पूर्ण होऊन पहिलं वर्ष संपलं की वयाप्रमाणेचं किमान वेतन, विसाव्या वर्षापर्यंत तेव्हा ताशी १० पौंड. तिची संस्था त्याहून थोडं जास्त देते, वर्षाला २१,००० पौंड. बँकेत किंवा संगणक कंपनीत अशीच अप्रेंटिसशिप करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला बरंच जास्त मिळतं. सेवाभावी क्षेत्रात पगार पुढेही कमीच राहणार, हे धरूनच चाला.

पण एक गोष्ट. आपली मराठी माणसं कर्ज म्हटलं की सावकार डोळ्यासमोर आणतात. तिकडचं विद्यार्थी कर्ज तसं नाही. आता सुरू होणाऱ्यांसाठी पगार २५,००० पौंडांच्या वर गेला तरच वरच्या रकमेच्या नऊ टक्के कापतात, आणि चाळीस वर्षांनी उरलेलं माफ. नोकरी गेली तर हप्ता थांबतो. तेव्हा केवळ कर्जाच्या धास्तीने मुलाला चार वर्षं एका ऑफिसात बांधू नये. ज्याला डॉक्टर व्हायचंय, संशोधन करायचंय, किंवा अजून काय करायचं हे कळलेलं नाही, त्याला तीन वर्षं मोकळी मिळणं हे कर्जापेक्षा मोलाचं असू शकतं. माझी मुलगी गेली, कारण तिला कामच करायचं होतं. शाळेत असताना दोन उन्हाळे तिने त्याच दुकानात फुकट काम केलं होतं. पदवी तिच्यासाठी दुसऱ्या नंबरवर होती. पदवी पहिल्या नंबरवर असलेल्या मुलाला हा रस्ता त्रासाचा होईल असं मला वाटतं.

आता या वर्षाचं. एप्रिल २०२५ पासून तिकडे मालकाने कर्मचाऱ्यामागे भरायचा राष्ट्रीय विमा १३.८ टक्क्यांवरून १५ टक्के झाला, आणि तो लागू होण्याची पगाराची मर्यादा वर्षाला ९,१०० वरून ५,००० पौंडांवर आली. सेवाभावी संस्थांना सूट मिळाली नाही. हॉस्पिसचा खर्च म्हणजे मुख्यतः पगार. त्यात वीज महाग, देणग्या सुस्त. देशभर हॉस्पिसांनी खाटा कमी केल्या, माणसं कमी केली. तिच्या संस्थेतही पत्रं आली. दोन दुकानं बंद झाली. आणि ज्या बाईंनी मुलाखतीत वीस मिनिटं राखीव निधी समजावला होता, त्यांचंच पद गेलं.

त्या संध्याकाळी मुलीने घरी येऊन मला नव्हे, बाबांना फोन लावला. म्हणाली, “आबा, तुमचे पाच महिने.” बाबा काही बोलले नाहीत बराच वेळ. मग विचारलं, “तुझं काय?” तिची जागा राहिली. गेली असती तर काय, हेही तिने तोपर्यंत शोधून ठेवलं होतं. अप्रेंटिसची नोकरी गेली तर नवा मालक शोधायला बारा आठवडे मिळतात, तोवर शिक्षण चालू ठेवता येतं. तीन चतुर्थांश कोर्स झालेला असेल तर उरलेली फी सरकार भरतं. तिचा झाला नव्हता. थोडक्यात वाचली.

बंद झालेल्या दुकानातल्या स्वयंसेवकांना कळवायचं काम तिच्याकडे आलं. छत्तीस माणसं. पत्र पाठवा असं वरून सांगितलं होतं. तिने पत्रं पाठवली आणि शिवाय एकेकाला फोन केले, चार दिवस. खिडकीवाल्या आजी म्हणाल्या, “मग मी मंगळवारी कुठे जाऊ?” त्यांना तिने दुसऱ्या दुकानात लावलंय, दोन बस बदलून जातात. आता यावर तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे: दुकान बंद करताना स्वयंसेवक कसे टिकवायचे. नव्या साहेबांना तो विषय फारसा पसंत नाही, त्यांना ऑनलाइन विक्रीवर हवा होता. ओढाताण चालू आहे.

ती तिथे कायम होईल का, असं मघाशी खाली एका वहिनींनी विचारलं. माहीत नाही. करार कोर्सपुरता आहे, सप्टेंबर २०२७ पर्यंत. पुढे मास्टर्सही असंच करू म्हणावं, तर पदव्युत्तर पातळीच्या अप्रेंटिसशिपचा पैसा जानेवारी २०२६ पासून सरकार मुख्यतः एकवीस वर्षांपर्यंतच्यांनाच देतं. तिचं तोपर्यंत वय उलटेल.

समोर बसलेल्या मुलांसाठी दोन कामाच्या गोष्टी. एक, हे तुम्हाला इथून जाऊन करता येणार नाही. विद्यार्थी व्हिसावर तिकडे अप्रेंटिसशिप करता येत नाही, तिथे आधीपासून राहणाऱ्यांसाठी ती आहे. कोणी एजंट ‘यूकेला अप्रेंटिसशिप लावून देतो’ म्हणाला तर पैसे देऊ नका. दुसरं, आपल्याकडे १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहेच. यूजीसीने २०२० मध्ये पदवीच्या आतच अप्रेंटिसशिप घालायच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्याला एईडीपी म्हणतात. प्रवेश घेताना कॉलेजात हे नाव घेऊन विचारा. आणि ज्याला सामाजिक कामच करायचंय त्याने आधी एक सुट्टी एखाद्या संस्थेत काढावी, मग ‘टिस’चा विचार करावा. ती संस्था १९३६ पासून हेच शिकवतेय आणि इथून लोकलने जाता येतं. संस्थेत रुजू होण्याआधी तिचा लेखापरीक्षित अहवाल मागा. दिला नाही तर तेही एक उत्तर आहे. अहवाल वाचता येत नसेल तर बी विंग, दुसरा मजला. लाल पेन अजून आहे.

मला आठ तारखेला परत जायचंय. तोवर कुणाला अर्ज, मुलाखतीचे प्रश्न काही दाखवायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर या. चहा गार होतोय असं मागून खुणावतायत.